बालवाडीत नाव घालण्यापूर्वी

ज्येष्ठ लागला की आमच्या कल्याणात पुष्कळ घरांतून दोन तयाऱ्या बरोबरच चालतात. आजोबा पताका आणि वळकटी काढतात, सूनबाई नातवाचे नवे दप्तर आणते. शाळा जूनच्या मध्यास भरते आणि बहुतेक वर्षी माउलींची पालखीही आगेमागे त्याच दिवसांत आळंदीहून निघते. तेव्हा बालवाडीचा आणि वारकऱ्यांचा काय संबंध, असे कोणी म्हणू नये. आईबाप सकाळच्या लोकलने मुंबईस जातात ते दिवेलागणीनंतर परततात; तोवर लेकरू असते ते आजी-आजोबांच्याच हाती.

आमच्या भजनातील एका वृद्ध गृहस्थांच्या नातवाचे नाव, तो अडीच वर्षांचा होता तेव्हाच, एका शाळेत घातले गेले. शाळेचे नाव आम्ही घेत नाही. डोनेशन भरले, गणवेश आला, आणि महिनाभरात पोराच्या हाती पेन्सिल देऊन अक्षरे गिरवायला लावली. त्याहून वाईट म्हणजे बाईंनी सांगितले की, घरी याच्याशी इंग्रजीतच बोला. आता आजीला कुठले इंग्रजी? दिवसाचे दहा-बारा तास जिच्याजवळ पोर राहायचे, ती माउली त्याच्याशी बोलायला भिऊ लागली. एकादशीच्या भजनात टाळ्या पिटणारे ते पोर मुके झाले, आणि रात्री अंथरूण ओले करू लागले. गृहस्थ आम्हांस म्हणाले, "अहो, पैसे गेले ते गेले, पण घरातला आवाज गेला!" दिवाळीपूर्वीच त्यांनी नातवाला तिथून काढले. पैसे अर्थातच परत मिळाले नाहीत.

हे ऐकून आम्हांस ताराबाई मोडक यांची आठवण झाली. ताराबाई भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम करून आलेल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीस खेड्यातील मुलांसाठी बालवाडीचे काम उभे केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डी तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. तिथली गरिबांची मुले शाळेत येईनात. तेव्हा या बायांनी काय केले? शाळाच उचलून मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम चालले. गुरे राखणारी पोरे रानात सापडायची, म्हणून कुरणशाळाही काढली. महागडी साधने कोठून आणणार? शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने. मुलाने ती मोजावी, रचावी, निवडावी. आधी हात, डोळा आणि जीभ तयार व्हावी, लिहिणे मागून. आणि भाषा? मुलाच्या आईच्या तोंडची जी असेल तीच धरून पुढे जायचे. देशभर चालणाऱ्या सरकारी अंगणवाड्या १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या योजनेतल्या आहेत, पण नाव मात्र या अंगणातले आहे.

म्हणून गल्लीतली अंगणवाडी फुकट आहे एवढ्यावरून तिला नाक मुरडू नये. तिथे खाऊ मिळतो, वजन पाहतात, लशीची नोंद ठेवतात. अर्थात शहरात पुष्कळ अंगणवाड्या भाड्याच्या एकाच खोलीत चालतात, तेव्हा डोळे मिटूनही घालू नये. खासगी असो की सरकारी, वर्ग चालू असताना एकदा आजीनेच जाऊन बसावे, हे आमचे मत. मुले जमिनीवर खेळत आहेत की बाकावर हात बांधून आहेत, शी-शू लागली तर मुले ताईंना सांगतात की भितात, रडणाऱ्या पोराला कोणी उचलून घेते की नाही, हे तिला अर्ध्या तासात कळेल. रंगीत भिंती पाहून तिला भूल पडत नाही.

वयाचा नियम साधा आहे. महाराष्ट्रात त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत नर्सरीला तीन वर्षे आणि पहिलीला सहा वर्षे पुरी व्हावी लागतात. घाई करून एक वर्ष वाचत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळाप्रवेशासाठी डोनेशन घेणे आणि मुलाची किंवा आईबापांची चाचणी घेणे या दोन्हींना मनाई केली आहे. त्याच कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घरच्या मुलांसाठी असतात. अल्पसंख्याक शाळा तेवढ्या त्यातून वगळल्या आहेत. अर्ज ऑनलाइन भरतात आणि सोडत निघते. जन्माचा दाखला, राहत्या जागेचा पुरावा, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा; ऐन वेळी तलाठ्याकडे धावून उपयोग होत नाही.

आता पहिल्या दिवसांविषयी. पोर रडणारच. त्याची नजर चुकवून पळून येऊ नये. दुसऱ्या दिवसापासून ते घरातही पदर सोडत नाही. "जेवायच्या वेळी आजी येईल" असे सांगावे आणि खरोखर त्या वेळी दारात उभे राहावे. पहिला आठवडा तासभरच ठेवले तरी चालते. आणि आजोबांनीही त्याच आठवड्यात दिंडीला निघून जाऊ नये. एकाच वेळी घरही सुटले आणि आजोबाही दिसेनासे झाले, तर तीन वर्षांच्या जिवाने समजावे काय?

त्या गृहस्थांनी यंदा नातवाला जवळच्या मराठी बालवाडीत घातले. ते स्वतः आळंदीस गेले नाहीत. दहा दिवस पोराला सोडायला-आणायला गेले. मग पुण्याची गाडी धरून पुढे लोणंदला दिंडी गाठली. निघताना नातवाने विचारले, "आबा, तुमची शाळा कधी सुटणार?" आबांनी बोटांवर दिवस मोजून दाखवले, आणि पोराने ते मोजणे बालवाडीत जाऊन ताईंना सांगितले.