सेव्ह करायच्या तीन वाटा

ताईंनो, मागच्या महिन्यात मी सभेचं इतिवृत्त टाईप करत होते आणि लाईट गेली. दोन पानं गेली, सेव्हच केलं नव्हतं! म्हणून वर्डमध्ये आधी हे शिका. वर डावीकडे फाईलवर क्लिक करून सेव्ह निवडा, नाहीतर वरचं फ्लॉपीचं छोटं चित्र दाबा. मला तिसरी वाट आवडते: कीबोर्डवर खाली डावीकडचं कंट्रोल (सीटीआरएल) बटण दाबून ठेवून एस दाबायचं. माऊस बिघडला तरी चालतं. पहिल्यांदा फाईलचं नाव विचारेल. नुसतं ‘इतिवृत्त’ नको, गटाचं नाव आणि तारीख घाला. मग दर चार ओळींनंतर कंट्रोल-एस. आणि चुकून मजकूर पुसला गेला तर घाबरू नका, लगेच कंट्रोल-झेड दाबा, परत येतो.