हजारात ६६६ बाळं दगावत, हे खरं का?

प्रश्न : १९२१ साली मुंबईत हजार जन्मांमागे ६६६ बाळं वर्षाच्या आत दगावत, असं वाचलं. विश्वास बसत नाही. आमचे पणजोबा त्याच काळात कधीतरी भिवपुरीहून परळच्या गिरणीत लागले आणि आजारी होऊन गावी परतल्यावर वारले. साल घरात कुणालाच आठवत नाही. शहर एवढं जीवघेणं होतं, तर माणसं तिकडे जात कशाला? मरत कशाने? आणि पणजोबांना काय झालं होतं, हे आज कळू शकेल का?
— एक वाचक, भिवपुरी

उत्तर : आकडा खरा आहे, निदान सरकारदरबारी तो असाच नोंदलेला आहे. त्या वर्षी लंडनमध्ये हेच प्रमाण हजारी ८०च्या आसपास होतं. पण तुम्हाला विश्वास बसत नाही, तेही बरोबरच आहे.

बालमृत्यूचा दर म्हणजे साधा भागाकार. वर वर्षभरात दगावलेली बाळं, खाली त्याच वर्षात नोंदलेले जन्म. आता गिरणगावातली बाई दिवस भरत आले की बाळंतपणाला गावी जायची, कुणी कोकणात, कुणी घाटावर. जन्माची नोंद तिथल्या पाटलाकडे व्हायची. तान्हं जरा बाळसं धरू लागलं की त्याला घेऊन ती चाळीत परत. तिथे बाळ गेलं, तर मृत्यू मुंबईच्या खाती. समजा, गिरणी कामगारांच्या घरांत हजार मुलं झाली, पैकी ५०० गावी. त्या हजारांतली ३०० पुढे मुंबईत दगावली. खरा दर हजारी ३००, पण मुंबईच्या कागदावर ५०० जन्मांना ३०० मृत्यू, म्हणजे हजारी ६००! पुढच्या दहा वर्षांत हा दर ३००च्या आसपास आला. त्यात सुधारणा होतीच, पण प्रसूतिगृहं वाढली, शहरातच बाळंत होणाऱ्या बायका वाढल्या, हाही त्यातला वाटा आहे.

म्हणून सगळाच कागदी खेळ होता असं मात्र नाही. १९२१चेच खोल्यांप्रमाणे केलेले आकडे पाहा. एका खोलीत किंवा त्याहूनही कमी जागेत राहणाऱ्यांत हजारी ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१, चार किंवा अधिक खोल्यांत १३३. एका खोलीतलीच बाई गावी जाणारी, तेव्हा पहिला आकडा फुगलेला आहे हे धरून चला. पण दोन खोल्या आणि चार खोल्या यांतला फरकही दुपटीहून जास्त आहे, आणि तो एवढ्याने मिटत नाही. अंधारी खोली, चुलीचा धूर, मजल्यावरचे सामाईक नळ-संडास आणि बाळंतपणानंतर लगेच पाळीवर जाणारी आई. डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीतल्या स्त्रियांची पाहणी केली. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणे या बायकांच्या शंभरातल्या ९८ मुलांना अफू दिली जात होती. बाळगोळी चाटवली की पोर आई येईपर्यंत निपचित पडून राही. भूक लागली तरी रडत नसे, हाच त्यातला घात. त्या आयांना नावं ठेवण्याआधी तेव्हा पाळणाघरं किती गिरण्यांत होती, तेही विचारायला हवं.

मोठ्या माणसांच्या बाबतीत हिशेब नेमका उलटा फिरतो. गिरणीतला माणूस खोकू लागला, अंगात कसर राहू लागली, की रजा टाकून गावची गाडी धरी. क्षयाने झिजत झिजत तो गावी जाई आणि मृत्यू कुलाबा जिल्ह्याच्या किंवा रत्नागिरीच्या वहीत पडे. शिवाय तोच खोकला घरातल्यांनाही लागे. म्हणजे बाळांच्या बाबतीत मुंबई आहे त्याहून वाईट दिसते आणि क्षयाच्या बाबतीत आहे त्याहून बरी. पणजोबांसारख्यांचं मरण मुंबईच्या आकड्यांत नाहीच.

शहरात लोक मरत कशाने, तर आधी प्लेगने. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत निम्मी मुंबई रिकामी झाली. १८९१च्या जनगणनेत ८ लाख २१ हजार असलेली वस्ती १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली. पहिल्या पंचवीस वर्षांत शहरात दीड लाखाच्या वर माणसं त्याने नेली. मग १९१८चा इन्फ्लुएन्झा. जूनमध्ये बंदरातून शिरला, पावसाळ्यात निवळल्यासारखा वाटला आणि सप्टेंबरात दामदुपटीने उलटला. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्याने म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळिशीतली धडधाकट माणसं जास्त नेली, आणि तो रेल्वेने गावोगाव गेला. त्याखेरीज देवी, हगवण, न्यूमोनिया होतेच. हिवतापाला शहरातल्या उघड्या विहिरी कारण होत्या. डॉ. बेंटली यांनी १९११च्या अहवालात ते दाखवून दिल्यावर विहिरी झाकण्या-बुजवण्यावरून बराच वाद माजला, कारण कित्येक विहिरींवर लोकांची श्रद्धा होती. पटकीच्या बाबतीत मात्र शहर नशीबवान. १८९२ पासून तानसाचं पाणी नळाने येत होतं, खेड्यांत अजून विहीर आणि ओढाच होता.

मग जात कशाला? भाताचं एकच पीक, ते निघालं की हाताला काम नाही, सावकाराचं व्याज मात्र बारमाही. १९१८ साली पाऊसही दगा देऊन गेला आणि धान्य कडाडलं. गावी राहिलेला माणूस सुखरूप होता, असं समजायचं कारण नाही.

पणजोबांची नोंद सापडण्याची शक्यता आहे. जन्म-मृत्यूचा गाव नमुना नंबर १४ हल्ली जातीच्या दाखल्यांमुळे सगळ्यांनाच ठाऊक झालाय. कर्जत तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात भिवपुरीसाठी अर्ज करा. जुनी पानं मोडीत असली तर वाचणारा बरोबर न्या. कारणाच्या रकान्यात बहुधा ‘ताप’ एवढंच असेल. पाटील काही डॉक्टर नव्हता, आणि हिवतापापासून क्षयापर्यंत सगळं त्या एका शब्दात जाई. म्हणून कारणापेक्षा तारीख पाहा. १९१८चा ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल आणि त्याच पानावर तरण्या माणसांची रांग असेल, तर इन्फ्लुएन्झा. फेब्रुवारी ते एप्रिल असेल आणि त्या दिवसांत लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिल्याचं कुणी सांगत असेल, तर प्लेगचा संशय घ्या. वर्षाच्या भलत्याच महिन्यात एकटीच नोंद असेल, तर आसपासच्या दोन-तीन वर्षांची पानंही चाळा. त्याच घरातलं आणखी कुणी ‘ताप’ किंवा ‘खोकला’ म्हणून गेलेलं दिसलं, तर क्षय धरायला हरकत नाही.