त्याचे त्याला बोलू द्या

मंडळी, अक्षरवर्गात पहिल्या दिवशी आपण काय गिरवले? बहुतेकांनी आपले नाव गिरवले. बाकीची अक्षरे मागाहून आली. आपले नाव आपल्याच हाताने पाटीवर उमटले तेव्हा काय वाटले, ते तुमचे तुम्हाला ठाऊक.

आता जरा आपल्या वाडीकडे पाहा. कर्जतकडची वाडी असो की खालापूरकडची, तिथे एखादा 'मुका' असतो, एखादा 'लंगड्या' असतो, एखादी 'येडी' असते. "त्या मुक्याला हाक मारा रे, झोडणीला माणूस कमी पडतोय," असे आपण सहज म्हणून जातो. मनात वाईट नसते. पण त्या मुक्याचे नाव काय? शाळेच्या पटावर होते. रेशनकार्डावर आजही आहे. पंचवीस वर्षांचा गडी झाला तरी गावाच्या तोंडी मात्र ते आलेच नाही. त्याच्याजवळ जे नाही, त्याचेच आपण नाव करून टाकले.

अशा तरुण मुलामुलींविषयी या धड्यात बोलू. त्यांना पूर्वी अपंग म्हणत. आता सरकारी कागदावर दिव्यांग म्हणतात. कोणता शब्द बरा, यावर शहाणी माणसे वाद घालतात. आम्हाला विचाराल तर नावाने हाक मारावी, म्हणजे दुसऱ्या शब्दाची फारशी गरज उरत नाही.

अपंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काठी टेकत चालणारा माणूस येतो. पोलिओच्या दिवसांची ती सवय आहे. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी सापडला, आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. आजच्या तरुणांची कारणे वेगळी. कुणाला जन्मापासून ऐकू येत नाही. कुणाला जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला आणि मेंदूला इजा झाली. कुणाची समज हळूहळू वाढते. कुणी मोटारसायकलवरून पडला आणि पाठीचा कणा दुखावला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ साली नवा कायदा झाला, त्यात २१ प्रकार आले. आपल्या राज्याच्या आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेलचा आजारही त्यात आहे. म्हणजे बाहेरून धडधाकट दिसणारा माणूसही यात असू शकतो.

यांचा दिवस कसा जातो? चाकाची खुर्ची सिमेंटच्या रस्त्यावर चालते. भाताच्या बांधावर ती काय कामाची? आपल्याकडे चार महिने पाऊस. ओहोळ भरला की चालता-फिरता माणूससुद्धा अलीकडे थांबतो. मग कुबडीवाल्याने काय करावे? कुबडीचे टोक चिखलात रुतते. म्हणून तो पडवीत बसतो. सकाळी माणसे कामाला जाताना दिसतात, संध्याकाळी परत येताना दिसतात. जाणारा-येणारा एकच प्रश्न विचारतो, "काय रे, जेवलास का?" दुसरे काही विचारायचे असते, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

पुढचे बोलणे तुम्ही कुठे ना कुठे ऐकले असेल. पाहुणा घरी येतो. पडवीत मुलगा बसलेला असतो.

"वैनी, याला चहा चालतो का?"

"चालतो की."

"साखर किती घालू?"

"घाला दोन चमचे."

मुलगा तिथेच आहे. त्याला पायाने चालता येत नाही, एवढेच. कान चांगले आहेत, जीभही चांगली आहे. त्याला कदाचित बिनसाखरेचा चहा हवा असेल! पण त्याच्या वाटचे आई बोलते. आज चहाचे बोलते, उद्या लग्नाचे बोलते, परवा जमिनीचे बोलते. आईची माया खरी आहे, त्याबद्दल शंका नाही. पण तिच्या मायेने मुलाची जीभ बांधली गेली, हेही तितकेच खरे.

आपल्या शेजारचीच एक गोष्ट घ्या. कर्जतहून लोकलने मुंबईकडे निघालात की भिवपुरी, नेरळ, शेलू आणि मग वांगणी लागते. वांगणीत दृष्टी नसलेल्यांची पुष्कळ कुटुंबे राहतात. त्यांच्यापैकी कितीतरी जण लोकलच्या डब्यांतून लहानसहान वस्तू विकतात. डब्यातली गर्दी, फलाटाची उंची, गाडीचा आवाज, सगळे त्यांना कानाने आणि पायाने ओळखावे लागते. २०२० साली टाळेबंदीत गाड्या थांबल्या तेव्हा त्यांच्या चुलीही थंडावल्या. १७ एप्रिल २०२१ रोजी याच वांगणी स्टेशनात एक अंध आई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन चालली होती. मूल रुळावर पडले. समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती. रेल्वेचे पॉइंट्समन मयूर शेळके रुळावरून धावत गेले, मुलाला फलाटावर चढवले आणि स्वतःही वर आले. गाडी लगेच तिथून गेली. शेळके आपल्याच कर्जत तालुक्यातले. रेल्वेने त्यांना ५० हजार रुपयांचे बक्षीस दिले, त्यातले निम्मे त्यांनी त्या मायलेकरांना दिले.

त्यांच्या धाडसाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण त्या आईकडेही पाहा. दिसत नसताना ती मुलाचा हात धरून घराबाहेर पडली होती. संसार करते, मूल वाढवते. आपल्या गावातल्या अंध मुलीविषयी मात्र आपण म्हणतो, "हिचं कसलं लगीन नि कसलं काय!" तिला कुणी विचारले का? तिचा नकार असेल, होकार असेल, किंवा "आधी मला कामधंदा शिकू द्या" असेही ती म्हणेल.

बोलणे म्हणजे तोंडानेच बोलणे, असे नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या हातांत भाषा असते. ती साधी खाणाखुणांची गंमत नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे, तिच्यात भांडता येते, विनोद करता येतो. या भाषेच्या अभ्यासासाठी आणि शिक्षणासाठी दिल्लीला २०१५ साली सरकारने खास केंद्र काढले. आपल्या वाडीतला मुलगा मात्र बहुधा घरच्या घरी बनवलेल्या खुणा करतो. त्या त्याच्या आईला कळतात आणि गुरांमागे जाणाऱ्या दोन सोबत्यांना कळतात. तेवढीच त्याची दुनिया. बहिऱ्यांच्या शाळेत गेलेली मुले मोबाईलवर एकमेकांची तोंडे आणि हात पाहून तासन् तास बोलत बसतात. घरातले म्हणतात, "फोनचं येड लागलंय याला." तुम्हीआम्ही पारावर बसतो, तसाच तो त्यांचा पार आहे. घरातल्या एकाने जरी त्यांच्या वीस-पंचवीस खुणा शिकून घेतल्या, तरी घरात बोलायला आणखी एक माणूस झाला.

ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी ब्रेल लिपी आहे. तिची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. लुई ब्रेल हा फ्रान्स देशातला मुलगा. जन्म १८०९. वडील घोड्याचे खोगीर, लगाम बनवीत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या हत्याराशी खेळत असताना डोळ्याला जखम झाली, ती चिघळली आणि दोन्ही डोळे गेले. पुढे अंधांच्या शाळेत असताना पंधराव्या वर्षी त्याने सहा उंचवट्याच्या ठिपक्यांची लिपी तयार केली. सहा ठिपके निरनिराळ्या तऱ्हेने मांडले की ६३ खुणा होतात. बोट फिरवायचे आणि वाचायचे. पण त्याच्या स्वतःच्या शाळेनेच ही लिपी रीतसर स्वीकारली ती १८५४ साली, तो वारल्यानंतर दोन वर्षांनी. डोळस मास्तरांना वाटे, आपल्याला वाचायला सोपी तीच लिपी चांगली! आज मराठीही ब्रेलमध्ये लिहितात, वाचतात. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी 'स्पर्शज्ञान' नावाचे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. याच थोरातांनी दृष्टिहीन कलावंतांना घेऊन नाटकेही बसवली. आता तर साधा मोबाईलसुद्धा लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवतो.

जाता जाता एक. अंध मुलगा दिसला की आपण त्याला भजनात पेटीपुढे बसवतो. गळा गोड असेल आणि त्याची हौस असेल तर उत्तम. पण सगळ्याच डोळस माणसांना कुठे गाता येते? एखाद्याला हिशेबात गोडी असेल, एखाद्याला कोंबड्या पाळायच्या असतील.

ज्याची समज हळू वाढते त्याच्याशी बोलायला धीर हवा. त्याला दोन सदरे दाखवा आणि विचारा, "यातला कुठला घालू?" तो बोट दाखवील. दोन मिनिटे लागतील, लागू द्या. रोज असे दोन-चार प्रश्न विचारले की त्याला निवड करायची सवय लागते. बदलापूरजवळ मुळगावला 'आधार' नावाची संस्था आहे. अशा मुलांच्या आईबापांनीच एकत्र येऊन ती उभी केली. तिथे मोठ्या वयाची मुले राहतात आणि झेपेल ते काम करतात. "आमच्या माघारी याचं कसं?" हा घोर तुमच्याही घरात असेल, तर ती एकदा पाहून यावी.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे कमरेखालचे अंग ऐन तरुणपणी लुळे पडले. त्यांनी पुढे १९८४ साली अपंगांसाठी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. आपली हकीकत त्यांनी स्वतः लिहिली. पुस्तकाचे नाव 'चाकाची खुर्ची'. वाचन थोडे सरावले की हे पुस्तक मिळवून वाचा.

आता जमिनीचे बोलू. आपल्या कर्जत-खालापुरात फार्महाऊस आणि बंगल्यांसाठी जमिनी विकल्या जात आहेत. बापामागे सातबाऱ्यावर सगळ्या मुलांची नावे लागतात. त्यात बहिऱ्या भावाचे आणि अंध बहिणीचेही नाव असते. गिऱ्हाईक आले की घरात म्हणतात, "त्याला काय कळतंय? घ्या त्याचा अंगठा." हक्कसोड पत्रावर अंगठा उमटतो, दुय्यम निबंधकाकडे नोंद होते, आणि त्याचे नाव जाते. ते परत लावायचे तर कोर्टाची पायरी चढावी लागते.

अंगठ्याचे दुःख तुम्हाला दुसऱ्याने सांगायला नको. काय लिहिले आहे ते न कळता अंगठा देणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी कितीजणांनी भोगले आहे! २०१६ च्या कायद्याचे १३ वे कलम असे सांगते की अपंग माणसाला इतरांसारखाच मालमत्तेचा हक्क आहे, बँकेचे कर्ज मिळवण्याचा आणि पैशाचा व्यवहार करण्याचा हक्क आहे. त्याला समजावायला मदतनीस घेता येतो. पण ज्या मदतनिसाचा त्या व्यवहारात स्वार्थ अडकला आहे, त्याने त्या कामात मदतनीस होऊ नये, असेही तिथेच म्हटले आहे. म्हणजे ज्या भावाला जमीन मिळायची आहे, त्यानेच बहिऱ्या भावाला खुणांनी "सही कर" म्हणून सांगायचे, हे चालणार नाही. तिसरा माणूस बोलवावा. कागद वाचून दाखवावा. खुणांची भाषा जाणणारा कुणी आणावा. दोन-चार दिवस विचाराला द्यावेत. ज्याला खरोखरच व्यवहार समजत नाही, त्याच्यासाठी कायद्याने पालक नेमण्याची सोय आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. अठरा वर्षे पुरी झाल्यावर थोरला भाऊ आपोआप पालक होत नाही.

पैशाचेही तसेच. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान ज्याच्या नावाने येते, त्याला ते किती आले हे निदान सांगावे. त्यातले थोडे त्याच्या हातात द्यावे. तो विडी ओढेल म्हणून भिऊ नका. त्याच्या वयाचे बाकीचे काय करतात ते आपण पाहतोच.

सवलतींसाठी आधी दाखला लागतो. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल तर बहुतेक सवलती मिळतात. जिल्ह्याचे रुग्णालय अलिबागला आहे. जाण्यापूर्वी तपासणीचा वार विचारून जावे, नाहीतर हेलपाटा पडतो. दाखल्याबरोबर देशभर चालणारे ओळखपत्रही मिळते. एस.टी.च्या तिकिटात ७५ टक्के सूट आहे. मतदानाच्या यंत्रावर अंधांसाठी ब्रेल आकडे असतात. त्यांना सोबती न्यायचा असेल तर आपल्या पसंतीचा नेता येतो. सोबती अठरा वर्षांवरचा हवा, त्या दिवशी तो दुसऱ्या कुणाचा सोबती होऊ शकत नाही, आणि मत कुणाला दिले हे त्याने गुप्त ठेवायचे असते.

आणि ग्रामपंचायत? आपल्या राज्यात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के पैसे अपंगांसाठी खर्चावेत, असा शासनाचा आदेश आहे. ते कशावर खर्चावेत हे ज्यांच्यासाठी आहेत त्यांनीच सांगावे. एकीला संडासात धरायला दांडी हवी असेल. एखाद्याला ओहोळावर साकव हवा असेल. ग्रामसभेला त्यांना उचलून न्यावे लागले तरी न्या. त्यांना मागे भिंतीशी नको, सरपंचांना दिसेल असे बसवा.

अर्ज कसा लिहावा, त्याचा नमुना खाली दिला आहे. तुम्हाला आता लिहिता येते. शेजारच्या तरुणाजवळ बसा, तो जे सांगेल तेच लिहा. आपल्या पदरचे घालू नका. लिहून झाले की वाचून किंवा खुणांनी त्याला समजावा, आणि मगच सही किंवा अंगठा घ्या.

मा. सरपंच, ग्रामपंचायत ............ यांस,

माझे नाव ............ माझे वय ...... वर्षे. मी ............ वाडीत राहतो. मला चालता येत नाही. घरापासून रस्त्यापर्यंत ...... पावले वाट आहे. पावसात ती चिखलाने बंद होते, म्हणून मला जून ते सप्टेंबर बाहेर पडता येत नाही. एवढी वाट फरशीची करून मिळावी. मला नेरळच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीचे काम शिकायला जायचे आहे. ग्रामसभेत मी स्वतः येऊन सांगेन.

आपला,
............ (सही)