मैदानात न उतरण्याचं बळ

कोल्हापुरात मी नोकरीभर पोरांना खेळ शिकवला आणि बिंदू चौकातल्या मोर्चांतही चाललो. ‘खेळात राजकारण आणू नका’ हा सल्ला दोन्हीकडे ऐकला. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध जगभर जो खेळबहिष्कार झाला, त्याच्या बातम्या वाचत, पोरांना सांगत मी जे शिकलो, ते नव्या क्रीडाशिक्षकांसाठी मांडतो.

१. राजकारण मैदानात आधी अन्याय करणारा आणतो.
1981 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला. 25 जुलैला हॅमिल्टनमध्ये निदर्शकांनी कुंपण पाडलं, शेकडो जण मैदानाच्या मधोमध एकमेकांना धरून उभे राहिले आणि सामना रद्द करावा लागला. 12 सप्टेंबरला ऑकलंडला कसोटी चालू असताना वरून विमानातून पिठाच्या पिशव्या पडत होत्या. प्रेक्षक संतापले. खेळ बघायला आलेल्याचा संताप मी समजू शकतो. पण ज्या देशात काळ्या माणसाला मत नव्हतं, गोऱ्यांच्या वस्तीत घर नव्हतं, गोऱ्यांच्या शाळेत जागा नव्हती, त्या देशाची जर्सी घालून तो संघ आला होता. निदर्शकांनी नवं काही आणलं नाही, झाकलेलं उघडं केलं.

२. बहिष्काराची किंमत आपण मोजायची.
1974 मध्ये आपल्या टेनिस संघानं पुण्यात सोव्हिएत संघाला हरवलं आणि डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गाठली. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात होते. समोर दक्षिण आफ्रिका. भारत सरकारनं खेळायला नकार दिला आणि चषक न खेळताच त्यांच्याकडे गेला. 1987 ला आपण पुन्हा अंतिम फेरीत गेलो, स्वीडनकडून हरलो. डेव्हिस चषक आजवर आपल्याकडे आलेला नाही. विद्यार्थी विचारतात, ‘सर, नुकसान आपलंच झालं ना?’ मी सांगतो, झालं. म्हणूनच त्या नकाराला वजन आहे. दुसऱ्याच्या खिशातून केलेला त्याग कुणालाही जमतो.

३. जाब कृतीचा विचारा, जन्माचा नको.
1988 मध्ये इंग्लंडचा क्रिकेट संघ आपल्याकडे यायचा होता. कर्णधार ग्रॅहम गूचसह त्यातले काही जण बंदी असताना दक्षिण आफ्रिकेत खेळून आले होते. भारतानं त्यांना व्हिसा नाकारला आणि दौरा रद्द झाला. तो जाब त्यांनी स्वतः केलेल्या निवडीबद्दल होता. 1991 च्या ऑक्टोबरमध्ये वानखेडेची खेळपट्टी उखडली गेली, ती पाकिस्तानचा संघ येणार म्हणून. ते मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत पाकिस्तानचे मल्ल येऊन लढले आहेत आणि कोल्हापूरनं त्यांच्या डावांना दाद दिली आहे. ताक, हळद, लिंबू, तेल घालून मळलेल्या त्या लाल मातीत दोन्ही मल्ल आधी एकमेकांना माती लावतात, मग भिडतात. सरकारशी भांडण असेल तर ते जरूर करावं. समोरच्या खेळाडूचा अपराध मात्र दाखवता आला पाहिजे.

४. दूरच्या वर्णभेदावर बोलण्याआधी आपलं अंगण झाडा.
पळवणकर बाळू हे आपले थोर फिरकी गोलंदाज. जातीमुळे त्यांना पुण्यात संघासोबत चहासुद्धा घेता येत नसे, त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या कपात. 1920 मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचं कर्णधारपद देताना पळवणकरांना डावललं गेलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी खेळायला नकार दिला. अंतिम सामन्याला बाळूंना उपकर्णधार करावं लागलं. 1923 ला विठ्ठल कर्णधार झाले. त्याच 1920 च्या मार्चमध्ये कोल्हापूर संस्थानातल्या माणगावात शाहू महाराज आणि बाबासाहेब आंबेडकर याच जातिभेदाविरुद्ध एका मंचावर होते.
आडनाव वाचून नजर बदलणारे निवडकर्ते मी पाहिले आहेत. म्हणून माझ्या निवड चाचणीत मुलांच्या छातीवर फक्त नंबर असायचा. कागदावर नंबर आणि गुण, नावाची यादी शेवटी उघडायची. करून बघा, संघ बदलतो.

५. अन्याय हटला की हात पुढे करा.
वर्णभेदाचे कायदे मोडीत निघू लागले आणि 10 नोव्हेंबर 1991 ला दक्षिण आफ्रिकेनं पुनरागमनाचा पहिला सामना खेळला तो कोलकात्यात, ईडन गार्डन्सवर. ज्या देशानं 1946 मध्येच त्यांच्याशी व्यापार तोडला होता, त्याच देशानं त्यांना पहिलं बोलावलं. बहिष्काराला अट हवी, आणि ती पुरी झाली की तो संपवण्याची दानतही हवी. नाहीतर त्याचं नुसतं वैर होतं.

क्रीडाशिक्षकांनो, मुलांना जिंकायला शिकवाच. पण एखाद्या खेळाडूला जात, धर्म, रंग बघून बाहेर बसवलं जात असेल, तर त्या संघातून खेळायचं नाही, हेही त्यांना शिकवा. तेही आपल्याच विषयात येतं.