बिऱ्हाड परदेशी, नोकरी स्वदेशी : दूरस्थ कामाचा व्हिसा आणि बँकेतील खाते

चाकरीसाठी गाव सोडणे मराठी माणसाला नवे नाही. कोकणातून मुंबईस आलेला चाकरमानी असो, सरकारी नोकरीनिमित्त दिल्लीत स्थिरावलेली कुटुंबे असोत किंवा अलीकडच्या काळात गुरुग्राम आणि नोएडा येथील संगणक-उद्योगात रुजू झालेले तरुण असोत, ‘जेथे काम, तेथे बिऱ्हाड’ हेच सूत्र सर्वांनी पाळले. २०२० सालच्या महासाथीने मात्र हे सूत्र सैल केले. काम संगणकावर, संगणक घरात. मग घर कोठेही असले तरी काय बिघडले, असा विचार जगभर सुरू झाला.

या विचारास काही देशांनी कायद्याचे रूप दिले. एस्टोनियाने ऑगस्ट २०२० मध्ये दूरस्थ काम करणाऱ्या परदेशी नागरिकांसाठी स्वतंत्र व्हिसा सुरू केला. त्यानंतर संयुक्त अरब अमिराती, पोर्तुगाल, स्पेन, मलेशिया, थायलंड आदी देशांनी तशाच योजना आखल्या. या व्हिसावर येणाऱ्याने त्या देशातील नोकरी घ्यावयाची नसते. उत्पन्न बाहेरून आणावयाचे आणि वास्तव्य तेथे करावयाचे, असे त्याचे स्वरूप असते. पर्यटन व्हिसावर जाऊन गुपचूप काम करणे आणि या व्हिसावर काम करणे यांत म्हणूनच मूलभूत फरक आहे.

पात्रतेचा विचार प्रथम

प्रत्येक योजना भारतीयांसाठी खुली असतेच असे नाही. जपानने मार्च २०२४ मध्ये अशी योजना आणली. परंतु ती ठरावीक देशांच्या नागरिकांपुरती असून त्या यादीत भारत नाही. तेव्हा भारतीय पारपत्रधारकास योजना लागू आहे काय, हे अर्जदाराने आधी पाहावे.

पात्रतेचे मोजमापही देशागणिक निराळे आहे. पोर्तुगाल तेथील किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न मागतो. २०२५ साली ते किमान वेतन ८७० युरो होते. म्हणजे अट ३,४८० युरोंची झाली. एक युरो शंभर रुपयांचा धरल्यास ही रक्कम सुमारे साडेतीन लाख रुपये होते. स्पेनची अट किमान वेतनाच्या दुपटीची आहे. अमिरातीची योजना दरमहा ३,५०० डॉलर मागते. थायलंडने जुलै २०२४ मध्ये सुरू केलेल्या व्हिसासाठी मासिक उत्पन्नापेक्षा पाच लाख बाट इतकी शिल्लक महत्त्वाची ठरते. कोठे कमाई पाहिली जाते, कोठे संचय. हा भेद जाणून मगच देश निवडावा.

चार गावांची कागदपत्रे

पुण्यात पदवी घेतलेली, नोएडात राहणारी आणि गुरुग्राममधील कंपनीत नोकरी करणारी एक अभियंता उदाहरणादाखल घेऊ. तिचे बचत खाते अजून सांगलीच्या शाखेत आहे. राजधानीत दूतावास हाकेच्या अंतरावर असल्याने अर्ज सोपा जाईल, असे तिला वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तिची कागदपत्रे चार ठिकाणांहून गोळा व्हावयाची आहेत.

पदवी प्रमाणपत्रावर सामान्यतः ज्या राज्यातील विद्यापीठाने ते दिले, त्या राज्याच्या अधिकाऱ्याचे साक्षांकन लागते. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय त्यावर ‘अपोस्टिल’ची मोहोर उमटवते. हेग येथील यासंबंधीचा करार भारतास १४ जुलै २००५ पासून लागू आहे. ज्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, तेथे मात्र दूतावासाचे साक्षांकन स्वतंत्रपणे घ्यावे लागते. पोलीस चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पारपत्र सेवेकडे अर्ज करावा लागतो. येथे राजधानी परिसराची त्रिराज्यीय रचना आडवी येते : गुरुग्राम दिल्लीच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयाच्या कक्षेत येते, तर नोएडा गाझियाबादच्या.

कंपनीचे पत्र हा तिसरा आधार होय. केवळ ‘नोकरीत आहे’ एवढे पुरेसे नाही. परदेशातून काम करण्यास संमती आहे, असे त्यात स्पष्ट हवे. स्पेनसारखा देश तर अर्जदाराचा त्या कंपनीशी किमान तीन महिन्यांचा संबंध आणि कंपनीचे किमान एक वर्षाचे कामकाज यांचाही पुरावा मागतो.

खातेउतारा काय सांगतो?

चौथा आधार बँकेचा. येथेच पुष्कळ अर्जदार घोटाळा करून घेतात. शिल्लक कमी दिसते म्हणून मित्राकडून आठ-दहा लाख रुपये घेऊन ते अर्जापूर्वी काही दिवस खात्यात ठेवले जातात. अधिकारी केवळ शेवटचा आकडा पाहत नाही. तो महिन्यामहिन्यांचा क्रम वाचतो. संथ प्रवाहात अचानक आलेला लोंढा त्याच्या डोळ्यांत भरतो. अर्ज नाकारला गेल्यास शुल्क वाया जातेच, शिवाय पुढील अर्जांत त्या नकाराचा उल्लेख करावा लागू शकतो.

याउलट, मोठी जमा खरी असेल तर भिण्याचे कारण नाही. मुदत ठेव मोडली असल्यास तिची पावती, वडिलांनी रक्कम दिली असल्यास बक्षीसपत्र आणि त्यांचा खातेउतारा जोडावा. करारातील ढोबळ वेतन आणि खात्यात जमा होणारे निव्वळ वेतन यांत तफावत असतेच. ती वेतनचिठ्ठी व करकपातीचे प्रमाणपत्र देऊन जुळवून दाखवावी. उतारा शाखेच्या शिक्क्यासह घ्यावा आणि त्यावरील नाव पारपत्राशी अक्षरशः जुळते का, हे पाहावे. वडिलांचे नाव मध्ये लिहिण्याच्या मराठी पद्धतीमुळे येथे गोंधळ उडतो.

व्हिसा मिळाल्यानंतर

व्हिसा मिळाला म्हणजे काम संपले नाही. निवासी कोण, याचे उत्तर दोन कायदे दोन तऱ्हांनी देतात. आयकर कायदा मुख्यत्वे भारतातील वास्तव्याचे दिवस मोजतो. १८२ हा आकडा त्यासाठीच प्रसिद्ध आहे. १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजेच ‘फेमा’, परदेशी जाण्याचा हेतूही पाहतो. नोकरी, व्यवसाय अथवा अनिश्चित काळाच्या वास्तव्यासाठी गेलेली व्यक्ती अनिवासी ठरते. भारतीय कंपनीची नोकरी कायम ठेवून एका वर्षासाठी जाणाऱ्याची स्थिती याहून गुंतागुंतीची असते. म्हणून निघण्यापूर्वीच शाखेशी आणि सनदी लेखापालांशी बोलणे हिताचे.

अनिवासी ठरल्यास साधे बचत खाते तसेच चालवता येत नाही. त्याचे रूपांतर अनिवासी सामान्य, म्हणजेच ‘एनआरओ’, खात्यात करावे लागते. निवासी असेतोवर उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. १ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांपर्यंतच्या प्रेषणावर उगमस्थानी करसंकलन होत नाही. तेथील भाडे आणि अनामत यांचा हिशेब करताना ही मर्यादा उपयोगी पडते.

करमुक्त देशात गेल्याने कर टळेल, हा समजही तपासून घ्यावा. भारतातील उत्पन्न १५ लाखांहून अधिक असून अन्य कोठेही करदायित्व नसल्यास भारतीय नागरिकास निवासी मानण्याची तरतूद २०२०-२१ या आर्थिक वर्षापासून लागू झाली.

शेवटी घरच्या गोष्टी. नोएडातील सदनिकेचा हप्ता, सांगलीतील आईचा औषधपाण्याचा खर्च आणि विम्याचा हप्ता कोणत्या खात्यातून जाईल, खात्याशी जोडलेला भ्रमणध्वनी परदेशात चालू राहील काय, नामनिर्देशन झाले आहे काय, याची यादी विमानाच्या तिकिटाआधी करावी. खातेउतारा हा माणसाच्या व्यवहाराचा आरसा असतो. जो वर्षभर स्वच्छ ठेवला जातो, त्याला दूतावासाच्या खिडकीपाशी घाईघाईने पुसावे लागत नाही.