चंद्राच्या कला आणि आपले वय

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले २४ गुरू सांगितले. त्यांत एक चंद्र. कला वाढतात, घटतात. चंद्र तोच राहतो. तसे जन्मापासून स्मशानापर्यंतचे बदल देहाचे, आत्म्याचे नव्हेत, हा त्याचा बोध.

मी बँकेत असताना दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला यायची. आता त्या रांगेत मीच असतो. मशीनवर अंगठा पटकन उमटत नाही. "रेषा झिजल्यात काका," असं समोरचा पोरगा म्हणतो. मन खट्टू होतंच. पण झिजली ती कला. आत नाम घेणारा तोच आहे ना?

श्री वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींनी १८९१ मध्ये आपल्या मराठवाड्यातच, गंगाखेडला, पत्नी निवर्तल्यावर संन्यास घेतला. त्यानंतर त्यांचे २३ चातुर्मास झाले. त्यांतला एक आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीला. १९१४ मध्ये गरुडेश्वरी समाधी घेतली, तेव्हा त्यांची साठीही पुरी झाली नव्हती. आपल्याला तर त्याहून जास्त वर्षे मिळाली!

भाविकहो, मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजन्माचा पाळणा म्हणून आपण शिरड शहापुरात घरोघरी परततो. दुसऱ्या दिवसापासून चंद्र घटू लागतो. म्हणून कोणी संध्याकाळचा दिवा लावायचं सोडतं का? वय विचारलं तर खुशाल वर्षे सांगा. मनाशी मात्र यंदा नेम किती पाळला, ते मोजा.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥