बोटीला पेट्रोल की डिझेल?

प्रश्न : कर्लीच्या खाडीत घरच्यांसाठी १८ फुटी बोट घेतोय. इंजिन कोणते घ्यावे?

उत्तर : इंधनाच्या भावाआधी इंजिन कुठे बसणार ते पाहा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. इंजिन बोटीच्या पोटात असेल तर ती तळाशी साचते आणि एका ठिणगीने भडकते. तिथे मी डिझेलच सुचवेन, मग ते कितीही महाग पडो. पण तुमच्या बोटीला मागे टांगलेले आउटबोर्ड पुरेल. तिथे वाफ उघड्यावर विरते, आणि डिझेलचे जादा वजन व किंमत सुट्टीपुरत्या फेऱ्यांत वसूल होत नाही. तेव्हा फोर-स्ट्रोक पेट्रोलच घ्या. पेट्रोलमधले इथेनॉल पाणी ओढते हा आक्षेप खरा आहे; २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पावसाळाभर पडून राहिले तर पाणी तळाशी उतरू शकते. म्हणून जूनआधी टाकी रिकामी करा. आणि सुटी टाकी बोटीत कधीच भरू नका, काठावर उतरवून भरा.